वाचकांचे प्रश्न : लिस्टपी 'हो' म्हणतं तेव्हा नेमकं काय तपासतं?

प्रश्न : नमस्कार सर, मी नागपूरलाच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, बाबा माल कळमन्याला नेतात, तर त्या भावांची नोंद ठेवायला कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहून राहिलो. कोणत्या दिवशी दोन-तीन भाव मिळतात, कोणत्या दिवशी एकच, आणि कधी माल जातच नाही. प्रत्येक दिवसाची नोंद (कन्स दिवस भाव) अशी ठेवतो, म्हणजे कन्स या फंक्शनने दोघांची जोडी बनवतो. सरासरी काढायच्या आधी नोंद लिस्ट आहे का हे लिस्टपी या तपासणाऱ्या फंक्शनने बघतो तर सगळ्यांनाच टी (म्हणजे 'हो') येतं, आणि मग (सोमवार . 30) वर लांबी मोजणारी लेंग्थ एरर देते. एसबीसीएल या कॉमन लिस्पच्या कंपायलरमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या लिस्टवर टाइप सांगणारं टाइप-ऑफ लावून पाहिलं तर कधी कन्स, कधी नल, पण लिस्ट असं कधीच येत नाही. असं काऊन होते? (एक वाचक, महाल)

उत्तर : भाऊ, प्रश्न लय चांगला आहे, आणि टाइप-ऑफने तुला अर्धं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. कॉमन लिस्पमध्ये लिस्ट हा टाइप दोन टाइप मिळून होतो, एक कन्स आणि दुसरा नल, आणि नल टाइपमध्ये वस्तू एकच, निल, म्हणजे रिकामी लिस्ट. म्हणून टाइप-ऑफ तुला या दोघांपैकी एकाचं नाव सांगतं. आणि लिस्टपी फक्त एवढंच बघतं की समोर आलेली वस्तू कन्स आहे किंवा निल आहे. लिस्ट म्हणजे अशा कन्स-जोड्यांची (सेलची) साखळी, पण पहिला सेल बघितला की झालं, ते पुढे साखळीत जाऊन बघतच नाही की शेवटी निल आहे की 30.

आता तुझ्या नोंदी बघ. भाव जर (30 35) अशी लिस्ट असेल तर (कन्स 'सोमवार '(30 35)) केल्यावर (सोमवार 30 35) ही सरळ लिस्ट होते. भाव निल असेल तर (सोमवार), तीही सरळच. पण भाव नुसता 30 आकडा असेल तर त्याच कन्सने (सोमवार . 30) होतं, म्हणजे टिंबवाली जोडी, जिच्या शेवटी निल नाही. तिन्ही कन्सच आहेत म्हणून लिस्टपी तिन्हीला टी म्हणतं, पण लेंग्थला शेवटी निल असलेली पूर्ण लिस्ट लागते म्हणून तिसरीवर ती अडते.

म्हणून चेक वाढवण्याआधी नोंद ठेवायची पद्धत सुधार, हे मी आग्रहाने सांगतो. भाव एक असला तरी लिस्टमध्ये टाकून ठेव :

(कन्स दिवस (इफ (लिस्टपी भाव) भाव (लिस्ट भाव)))

आणि इथे लिस्टपीच बरोबर आहे, कन्सपी नाही, कारण माल न गेलेल्या दिवसाचं निल हे रिकामी लिस्ट म्हणून तसंच जायला पाहिजे, कन्सपी लावलं तर त्याचं (निल) होईल आणि सरासरीत निल बेरजेला येईल. कॉमन लिस्पच्या अलेक्झांड्रिया नावाच्या तयार फंक्शनांच्या लायब्ररीत याच कामाचं एन्शुअर-लिस्ट आहे. बाकी सरासरी काढताना रिकाम्या दिवशी शून्याने भागायची वेळ येते, ते आधी नल (रिकामी आहे का बघणारं फंक्शन) लावून बाजूला काढ.

डेटा दुसऱ्या कोणाकडून येत असेल आणि खरंच शेवटपर्यंत तपासायचं असेल तर हे पुरतं :

(डिफन पूर्ण-लिस्ट-पी (एक्स)
  (अँड (लिस्टपी एक्स)
       (नल (सीडीआर (लास्ट एक्स)))))

इथे लास्ट शेवटचा सेल देतं आणि सीडीआर त्या जोडीचा दुसरा भाग. फक्त लिस्ट गोल फिरून स्वतःलाच जोडलेली असेल तर लास्ट कधी संपणारच नाही, तशी शक्यता असेल तर अलेक्झांड्रियाचं प्रॉपर-लिस्ट-पी घे, ते गोल लिस्टही ओळखतं. आणि आत सगळे आकडेच आहेत का हे हवं असेल तर यानंतर (एव्हरी #'रिअलपी एक्स), यानंतरच, कारण टिंबवाल्या जोडीवर एव्हरीही अडू शकतं. "आकड्यांची लिस्ट" असा तयार टाइप कॉमन लिस्पमध्ये नाही, डेफटाइपमध्ये (नवा टाइप बनवायची सोय) अट लावणारं सॅटिस्फाइज वापरून आपला बनवता येतो, पण सॅटिस्फाइजला जागेवर लिहिलेला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) चालत नाही, ग्लोबल फंक्शनचं नावच द्यावं लागतं.

अजून एक जागा सांभाळ. टाइपकेसमध्ये (वस्तूच्या टाइपनुसार फाटे फोडणारी रचना) सिंबॉलची, म्हणजे सोमवारसारख्या नावांच्या टाइपची, ओळ लिस्टच्या वर लिहिली तर निल सिंबॉलच्या फाट्यात जातं, कारण निल हा सिंबॉलही आहे आणि लिस्टही, आणि टाइपकेस पहिली जुळणारी ओळ धरतं. रिकामी लिस्ट गायब होते आणि एररही येत नाही, असला बग शोधायला फार त्रास होतो, म्हणून नलची ओळ सगळ्यात वर ठेवत जा.

प्रश्न : मी स्कीम ही लिस्पच्याच घराण्यातली भाषा शिकते आहे, तिथलं लिस्ट? हेच करतं का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : नाही ताई, स्कीमचं लिस्ट? पूर्ण साखळी चालून बघतं, शेवटी रिकामी लिस्ट असेल तरच खरं म्हणतं, (1 . 2) ला आणि गोल लिस्टला खोटं. कॉमन लिस्पच्या लिस्टपीसारखं वागणारं हवं असेल तर पेअर? (जोडी आहे का) किंवा नल? (रिकामी लिस्ट आहे का) असं दोन्ही मिळून विचारावं लागतं. आणि रिकर्शनच्या (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या) प्रत्येक पायरीवर लिस्ट? लावू नका, लांब लिस्टवर दरवेळी उरलेली सगळी लिस्ट चालली जाऊ शकते आणि प्रोग्राम उगाच हळू होतो, सुरुवातीला एकदा तपासा आणि आत पेअर? वर भागवा. रिकामी लिस्ट स्कीममध्ये खोटी धरली जात नाही, त्यामुळे इफमध्ये नुसती लिस्ट टाकून रिकामी आहे का ते कळणार नाही, तिथे नल? स्पष्ट लिहावंच लागतं.