प्रशिक्षणाचा कंटाळा येतो, म्हणजे माझ्यातली शिक्षिका संपली का?

हा प्रश्न अनुभवी शिक्षक मला वारंवार विचारतात. इंदूरच्या रामबाग भागात राहणाऱ्या, बावीस वर्षे विज्ञान शिकवत असलेल्या एका बाईंनीही तो विचारला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. "ताई, रविवार गेला, प्रमाणपत्र हातात आलं आणि सोमवारी वर्गात सगळं जुनंच," असे सांगताना त्यांच्या आवाजात रागापेक्षा अपराधीपणा अधिक होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास केवळ भरून काढायचे ठरले, तर कंटाळा येणारच, आणि तो दोष बाईंचा आहे असे मला वाटत नाही. सभागृहात ऐकलेली गोष्ट वर्गात उतरवताना सोबत कोणी नसेल, तर ती वहीतच राहते. मात्र 'आधी उत्साह यावा, मग मी बदलेन' ही त्यांची समजूत मला उलटी वाटली. अमेरिकन अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्येच मांडले होते की, शिक्षकाचा विश्वास सहसा प्रशिक्षणाने बदलत नाही. नवी रीत वापरल्यावर मुलांमध्ये फरक दिसला, की तो बदलतो.

म्हणून मी त्यांना उत्साह मागितला नाही. आजवरच्या प्रशिक्षणांतली लक्षात राहिलेली एकच गोष्ट विचारली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारल्यावर थांबायचं." अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांचे निरीक्षण करून दाखवले होते की, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात; हाच अवकाश तीन सेकंदांपर्यंत नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आम्ही ठरवले, सातवीची एकच तुकडी, दोन आठवडे, एवढाच बदल, आणि रोज कोण बोलले त्याची वहीत नोंद.

पहिले दोन दिवस त्यांना ती शांतता सोसवेना. पदराआड बोटांची पेरे मोजत त्या उभ्या राहत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, ओला कपडा वाळतो तेव्हा त्यातले पाणी कुठे जाते? नेहमीचे हात वर आले, तरी त्या थांबल्या. तेव्हा खिडकीजवळचा, वर्षभरात एकदाही न बोललेला मुलगा हळूच म्हणाला, "मग पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?" हवेतल्या बाष्पाचा पुढचा धडा त्याच्या प्रश्नावरूनच सुरू झाला.

पुढच्या भेटीत बाईंनी वही माझ्यासमोर ठेवली. नव्याने बोललेल्या सात मुलांच्या नावांखाली लाल शाईने रेघ होती. त्यांनी मुख्याध्यापिकांकडे अर्ज केला होता: गणिताच्या सहकारी शिक्षिकेला आठवड्यातून एक तास माझ्या वर्गात बसू द्यावे, म्हणजे मी कुठे घाई करते ते ती मला सांगू शकेल.