नेरळला घर घेण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. नेरळच्या पुढे, स्टेशनपासून सात किलोमीटरवरचा बंगला भाड्याने मिळतोय, तुझं काम घरूनच चालतं आणि नवरा रोज फोर्टला जाऊन-येऊन करणार. मी मोडता घालणार नाही. तुमच्या डोंबिवलीच्या शाळेत यायच्या आधी मी कर्जतला शिकवत होते आणि हे रोज मुंबई गाठायचे. ती वर्षं पुन्हा मिळाली तर आनंदाने घेईन.

पण तू पडवीबद्दल, आंब्याबद्दल, समोर दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगराबद्दल पानभर लिहिलंस आणि गाडीबद्दल एकच ओळ: 'तो करेल मॅनेज.' मला त्या ओळीबद्दल बोलायचंय.

नेरळ ते सीएसएमटी 86 किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी पावणेदोन तास धरूनच चाल. कल्याणपर्यंत गाड्यांना तोटा नाही, पण कर्जतची एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ ताटकळावं लागतं. कल्याण-कर्जत मार्गावर लोकल, पुण्याच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकाच जोडरुळांवरून धावतात. मागून एक्स्प्रेस येत असली की लोकल बाजूला थांबवतात. पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की बदलापूर-वांगणीकडे रुळांवर पाणी येतं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. इतकं नेहमी होत नाही, पण लोकल मध्येच रद्द होण्याची वेळ येतेच. म्हणून कल्याण-डोंबिवलीत हक्काच्या घरी त्याचा कपड्यांचा एक जोड आणि दाढीचं सामान कायमचं ठेवा. त्या लोकांशी आत्ताच बोलून घ्या. रात्री अकराला फोन करून 'येऊ का?' विचारायला लागू नये.

घर स्टेशनजवळचं बघा. डोंगर थोडा लांबून दिसेल, दिसू दे. रात्रीच्या शेवटच्या गाड्यांना रिक्षा मिळेलच असं नाही आणि दोन तास उभं राहून आलेल्या माणसाला ते सात किलोमीटर फार जड जातात.

गाड्यांची, पावसाची सवय होते गं. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तू दिवसभर गावात असशील. जूनच्या पहिल्या पावसानंतर ठाकरवाडीच्या बाया शेवळं ही रानभाजी घेऊन येतील, ती घशाला खाजू नयेत म्हणून काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालून शिजवायची, हे त्याच शिकवतील. भाताच्या रोपांसाठी राब कधी भाजतात, ती रोपं, म्हणजे आवण, कधी उपटतात, आज कुणाची लावणी आहे, हे तुला न विचारता कळायला लागेल. शेजारची आजी तुला नावाने हाक मारेल. तो मात्र उजाडायच्या आत निघेल आणि अंधार पडल्यावर येईल. गाव त्याला दिसणार रविवारी, तोही बाजार, गॅस, पाण्याची टाकी आणि अंगणातलं गवत यातच संपणार. वर्षभरात गाव तुझं होतं आणि तो तिथे मुक्कामाला येणारा पाहुणा. यात भांडण होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मी अशी दोन-तीन घरं जवळून पाहिली आहेत. ती माणसं घर सोडून शहरात परतली, आणि कारण विचारलं तर गाडीचं नाव सांगायची.

आमच्याकडे गावच्या हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब ह्यांनी घेतला होता. वही त्यांच्या ताब्यात, मी हात लावायचे नाही. लोक दारात येऊन 'भाऊ आलेत का?' विचारायचे, रविवारी पडवीत चहाचे कप मोजता येत नसत. त्या वहीने ह्यांना गावात घर दिलं. तुमच्याकडे वही नसेल, कलमांची निगा असेल, मुलांचं क्रिकेट असेल. पण एक काम संपूर्ण त्याचं असू दे, जे तू दिवसा उरकून टाकणार नाहीस.

तो आल्या आल्या मोटर बंद पडल्याचं सांगू नकोस, पाय धुऊन जेवायला बसू दे. आणि 'तू काय, घरीच असतेस' हे वाक्य या घरात बोलायचं नाही, एवढं त्याला आधीच बजावून ठेव. तूही कामच करतेस. तुला स्वतःची स्कूटर हवी, इन्व्हर्टर हवा (लाइट बराच वेळ गेली की टॉवरही जातो), आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन असतं ते माहीत हवं.

जमीन घ्यायची घाई मुळीच नको. दोघांपैकी कुणीच शेतकरी नसेल तर 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, एजंट काहीही सांगो. एक अख्खा पावसाळा भाड्याने काढा.

आणि करार करण्याआधी त्याला घेऊन एकदा कामाच्या दिवशी जा. संध्याकाळी त्याच्या ऑफिसातून निघा, गर्दीची लोकल धरा, स्टेशनबाहेर रिक्षा शोधा, अंधारात बंगल्यापर्यंत पोचा. मग दोघं मिळून ठरवा. मला जुलैत बोलाव, मागच्या भिंतीला ओल किती वर चढते ते बघून सांगते.

तुझ्या,
बाई