विहिरीचं पाणी पिवळं झालं. स्टॅम्पपेपरवर सही करू का?

प्रश्न : आमची विहीर गावच्या पाझर तलावाखाली आहे. तलावाच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आहे. त्याचा गाळ मागच्या खड्ड्यांत टाकतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापासून विहिरीचं पाणी पिवळसर झालंय, वासही येतो. मालक तीन लाख रुपये आणि रोज एक टँकर द्यायला तयार आहे, पण 'यापुढे तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतो. तालुक्याचे वकील म्हणतात, सहा महिन्यांची मुदत केव्हाच गेली. काय करावं?

उत्तर : सही करू नका. तीन लाखांत विहीर साफ होत नाही आणि तुमची सही उद्या तुमच्याच विरोधात दाखवतील.

वकिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांचं खास न्यायालय. त्याच्या २०१० च्या कायद्यात कलम १४ ला, म्हणजे पर्यावरणाच्या सर्वसाधारण वादांना, सहा महिन्यांची मुदत आहे. पण नुकसानभरपाई आणि बिघडलेली जागा पूर्ववत करून मिळणं कलम १५ मध्ये येतं. तिथे मुदत ५ वर्षांची, म्हणजे तुमच्याकडे अजून जवळपास तीन वर्षं आहेत. अर्ज न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे करा. भरपाईच्या मागणीवर एक टक्का फी लागते, तेव्हा रागाच्या भरात कोटींचा आकडा टाकू नका. आणि नुसते पैसे मागू नका, खड्डे उपसून पाणी शुद्ध करून द्या अशी मागणी आधी लिहा.

'तलाव सरकारी, पाणी जमिनीखालचं, मग हक्क कसला?' असं कारखान्याचे लोक म्हणतीलच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणांत जमिनीतून झिरपणारं पाणी दुसऱ्याने अवाजवी घाण करू नये, हा जमीनमालकाचा हक्क स्पष्ट दिलाय. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातही 'प्रवाह' या शब्दात भूगर्भातलं पाणी येतं.

खरी लढाई पुराव्याची. हरित कायद्याच्या कलम १७ मुळे कारखान्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, पण घाण त्यांचीच हे दाखवावं लागतं. तुमच्या विहिरीचा नमुना घ्याल त्याच दिवशी कारखान्याच्याही वरच्या बाजूच्या एखाद्या विहिरीचा घ्या. वरचं पाणी स्वच्छ आणि खालचं घाण, हे न्यायाधीशांना पटकन पटतं. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. प्रयोगशाळेला नुसतं 'पिण्यायोग्य आहे का' विचारू नका, कारखाना जी रसायनं वापरतो ती तपासायला सांगा. नेहमीच्या तपासणीत ती नसतात. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेच कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन, सीलबंद करून घ्यायचा. तुम्ही बाटली भरून आणलीत तर ती कोर्टात टिकणार नाही.

तोवर ते पाणी पिऊ नका. उकळून क्षार आणि धातू जात नाहीत. आणि 'सगळं पाणी उपसून टाकू' म्हणून मोटार दिवसरात्र चालवू नका, त्याने खड्ड्यांकडची घाण उलट तुमच्याकडे ओढली जाईल.

एक नवं हत्यारही आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हाधिकाऱ्यांना आणि मंडळाला लेखी कळवा की ही जागा संशयित दूषित जागा म्हणून नोंदवा. पुढे तपासणी, आणि घाण करणाऱ्याच्या खर्चाने सफाई, असा तो मार्ग आहे. अर्जावर पोच घ्याच.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड या रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या गाळाने विहिरी नासल्या. याचिका १९८९ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा, आणि ३७ कोटींहून जास्त रक्कम व्याजासकट भरा असा आदेश २०११ मध्ये पुन्हा द्यावा लागला. म्हणून अर्जासोबतच अंतरिम मागणी करा : गाळ टाकणं आजपासून बंद, आणि असलेला गाळ घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रकल्पात हलवा.

टँकरचं पाणी मात्र घ्या. पावतीवर सही करताना वर लिहा : 'सर्व हक्क राखून'.