स्वतः छापलेल्या पत्त्यांच्या खेळाच्या ५०० प्रती घरात पडून आहेत. जाहिरात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघा मित्रांनी नाशिकमध्ये पत्त्यांचा नवा खेळ तयार केला, ५०० प्रती छापल्या, छापील किंमत ४९९ ठेवली. इन्स्टाग्रामवर पैसे भरून पोस्टी 'बूस्ट' केल्या. लाइक आले, ऑर्डरी काही आल्या नाहीत. आता मोठ्या इन्फ्लुएन्सरला पैसे द्यावेत का, असं विचारताय.

नका देऊ. निदान आत्ता तरी नका.

मी पुण्यात बोर्ड गेमचं छोटं दुकान चालवतो. पुढे शेल्फ, मागे खेळायला टेबलं. नवा, अनोळखी खेळ शेल्फवरून क्वचितच उचलला जातो, तो टेबलावरून विकला जातो. गिऱ्हाईक डबा हातात घेतं, उलटसुलट करून बघतं, चित्रांचं कौतुक करतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "घरी नेल्यावर हे नियम कोण वाचणार?" डबा परत जागेवर. तुमच्या जाहिरातीला लाइक करणाऱ्यांच्या मनातही हेच असतं. चित्र कितीही देखणं असलं तरी ही धास्ती जात नाही. एक डाव खेळला की जाते. शिवाय तो डाव खेळलेला माणूस घरी जाऊन आणखी तिघाचौघांना शिकवतो. त्यामुळे तुम्हाला शोधायचंय ते गिऱ्हाईक नव्हे, शिकवणारा माणूस.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही, या धंद्यातले मोठे खेळ असेच उभे राहिलेत. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये आला तेव्हा तो काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही अगदी किरकोळ कंपनी होती. तिचा संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन गाडीत पत्ते टाकून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची खेळांची दुकानं फिरला आणि दुकानदारांसमोर बसून खेळ दाखवला. नंतर २००० पासून त्याच कंपनीने दर शुक्रवारी संध्याकाळी दुकानांमध्ये 'फ्रायडे नाइट मॅजिक' नावाच्या खेळायच्या बैठका सुरू केल्या. दुकानाला ठरलेल्या वारी गर्दी, खेळणाऱ्याला हमखास भिडू. जर्मनीत एसेन शहरात १९८३ पासून दर वर्षी खेळांचं प्रदर्शन भरतं, अलीकडे तिथे दोन लाखांच्या आसपास लोक येतात. तिथल्या प्रकाशकांच्या स्टॉलवर नुसते डबे रचलेले नसतात. टेबलं असतात आणि प्रत्येक टेबलाशी खेळ समजावून सांगणारा माणूस असतो. त्या माणसाला प्रकाशक पैसे मोजतो, कारण खप त्याच्या जिवावर होतो.

याला अपवाद म्हणून लोक 'एक्सप्लोडिंग किटन्स' या पत्त्यांच्या खेळाचं नाव घेतात. २०१५ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू तयार व्हायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, २,१९,३८२ जणांनी त्याला पैसे दिले, रक्कम ८७ लाख डॉलरच्या वर गेली. पण तो खेळ करणाऱ्यांतला एक जण आधीच प्रसिद्ध व्यंगचित्रकार होता, त्याचा वाचकवर्ग तयार होता. तुमचा नाही. (किकस्टार्टरचं म्हणाल तर भारतातल्या निर्मात्याला तिथे थेट मोहीम उघडता येत नाही. मुंबईत घडलेल्या 'शासन' या राजकारणावरच्या खेळाची मोहीम २०१९ मध्ये तिथे झाली होती, म्हणजे रस्ता अगदीच बंद आहे असं नाही. पण तुमच्या प्रती छापून झाल्यात, तेव्हा तो विषय पुढच्या खेळाला.)

आता शिकवण्याबद्दल, कारण बहुतेक निर्माते नेमके इथेच आपटतात. खेळ त्यांनीच केलेला, त्यामुळे सगळं सांगायचा मोह आवरत नाही. चौघांना बसवतात आणि नियमांचा कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात. तिसऱ्या नियमाला एक जण मोबाइल काढतो, पाचव्याला दुसरा "चहा सांगू का?" विचारतो. असं करू नका. पत्ते आधीच पिसून, वाटून ठेवा. जिंकायचं कसं ते एका वाक्यात सांगा आणि "आधी तुमची पाळी, यातला कुठलाही एक पत्ता टाका" म्हणून सुरुवात करा. बाकीचे नियम ज्याची त्याची वेळ आली की सांगा. तुम्ही स्वतः खेळायला बसू नका, मागे उभे राहा. बसलातच तर जिंकू नका. निर्माता जिंकला की समोरच्याला वाटतं, या खेळात मुरलेल्यांचंच चालतं. आणि डाव रंगात आला की पूर्ण संपायच्या आधी थांबवा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण संपलेल्या डावानंतर लोक "छान होता" म्हणून उठतात, अर्धवट राहिलेल्यानंतर "कितीला आहे?" विचारतात. त्या क्षणी सीलबंद प्रत आणि पैसे घ्यायचा क्यूआर कोड हाताशी हवा. 'लिंक पाठवतो' म्हटलंत की गिऱ्हाईक गेलं.

हे करायचं कुठे? पुण्या-मुंबईत बोर्ड गेमवाल्यांच्या बैठका होतात, तिथे जा. पण तिथली मंडळी सराईत असतात, त्यांच्याकडे आधीच कपाटभर खेळ असतात. ते चुका बिनचूक दाखवतील, खरेदी मात्र बेतानेच करतील. पत्त्यांच्या खेळाला माझ्या मते त्याहून चांगली जागा म्हणजे भिशी. दर महिन्याला जमणाऱ्या दहाबारा बायका, वेळ ठरलेली, एकमेकींना आग्रह करायची सवय. एकीने घेतला की पुढच्या महिन्यात तिघी घेतात. सोसायटीचा गणपती हीदेखील उत्तम जागा, स्पर्धा भरवायला समितीला काहीतरी हवंच असतं. कॉलेजच्या फेस्टमध्ये गर्दी होईल, पण पोरं एक प्रत चौघांत घेतात. मेंढीकोट, बदामसात खेळणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. 'बोर्ड गेम' म्हटलं की त्यांना महागडं, इंग्रजी काहीतरी वाटतं. 'पत्त्यांचा नवा डाव' म्हणा, लगेच बसतील.

दुकानांचं गणित आधी मांडून घ्या. नवख्याच्या खेळावर दुकानदार ४० टक्क्यांच्या आसपास सूट मागणार, म्हणजे ४९९ मधले साधारण ३०० तुमच्या हातात. त्यातच जीएसटी आणि पाठवणीचा खर्च. मध्ये वितरक आला तर २०० उरले तरी पुष्कळ. तुम्ही छपाईचा खर्च लिहिलेला नाही. प्रतीला १०० पडले असतील तर ठीक. १८० पडले असतील तर वितरकाचं नाव काढू नका, पाचसहा दुकानांशी थेट बोला. एमआरपी डब्यावर छापून झालीय, ती आता वाढवता येणार नाही. आणि एक विनंती, दुकानदार म्हणून: आम्हाला ४९९ ला विकायला लावून स्वतःच्या पेजवर ३४९ ला विकू नका. एका प्रकाशकाने माझ्या बाबतीत हे केलं. गिऱ्हाईक माझ्या टेबलावर तासभर खेळलं, खेळ शिकलं, आणि माझ्यासमोरच मोबाइलवरून मागवून मोकळं झालं. त्या प्रकाशकाचा पुढचा खेळ मी ठेवलाच नाही. स्टॉलवर सवलत द्यायचीच असेल तर किंमत तीच ठेवा आणि दोनचार जादा पत्ते फुकट द्या.

जाहिरातीत एक शब्द जपून वापरा: 'मुलांसाठी'. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तुम्ही ते घेतलेलं नसेल आणि पोस्टरवर '८ वर्षांपासून पुढे' लिहिलंत, तर नस्ती आफत ओढवेल. अनेक छोटे प्रकाशक '१४+' छापतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. छापण्यापूर्वी जाणकाराला विचारायला हवं होतं, आता विकण्यापूर्वी तरी विचारा.

इन्फ्लुएन्सरला द्यायच्या पैशांतून आधी तीन मिनिटांचा मराठी व्हिडिओ करा. माणसांचे चेहरे कमी, हात आणि पत्ते जास्त, आवाज स्वच्छ. त्याचा क्यूआर कोड स्टिकरवर छापून प्रत्येक डब्यावर चिकटवा. 'नियम कोण वाचणार'ला तेच उत्तर. बोर्डगेमगीक या बोर्ड गेमची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर खेळाची नोंद करा, फुकट आहे. खेळांबद्दलच बोलणाऱ्या छोट्या चॅनेलवाल्यांना प्रती पाठवा, पण आधी विचारून. पैसे दिलेले असोत वा नुसती फुकट प्रत, तसं स्पष्ट लिहायला सांगा. जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा नियम तसाच आहे, आणि लपवलेलं उघडं पडलं की तुमच्याच खेळाचं हसं होतं.

दिवाळी गाठायची असेल तर दुकानांशी निदान दीड महिना आधी बोला, ऐन सणात नवा खेळ शिकून घ्यायला कुणाला फुरसत नसते. प्रत्येक दुकानाला एक उघडी प्रत टेबलासाठी फुकट द्या, ती विक्रीत धरू नका. मलाही एक पाठवायला हरकत नाही. मात्र नियमांचा कागद तुमच्याकडेच ठेवा, फक्त पत्ते आणि तो व्हिडिओ पाठवा. एवढ्यावर माझ्या दुकानातल्या पोरांना खेळ उभा करता येतो का, ते बघून कळवतो.