स्कॅनरला हात लावण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

गावच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं ऑनलाइन आणायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण स्कॅनरला हात लावण्याआधी एक वही घाल. पुस्तक, लेखक, मृत्यूचं साल, आवृत्तीचं साल, हक्क कुणाचा, आणि हे कुठे तपासलं. काम कंटाळवाणं आहे, पण उद्या कुणी विचारलं तर हीच वही दाखवायची आहे.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो; मोजायला सुरुवात पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून हयातीत छापलेलं त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला खुलं झालं. खुलं झालं ते फक्त त्यांचं. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठावरचं चित्र यांचे हक्क वेगळे. अनुवाद असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांची सालं बघ. दिवाळी अंकांना इतक्यात हात घालू नकोस. तिथे प्रत्येक कथेचा, कवितेचा, व्यंगचित्राचा धनी निराळा.

जुन्या पुस्तकांवर साल शालिवाहन शकाचं असतं. इसवी सन काढायला त्यात ७८ मिळव, पण साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेर ७९. माघ शके १८३० म्हणजे १९०९.

हक्क शिल्लक असला तरी जतन थांबवू नकोस. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. ठेवता येते, वेबसाइटवर टाकता येत नाही. ‘टाकू, हरकत आली तर काढू’ याला धोरण म्हणत नाहीत.

स्कॅन ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), रंगीत कर. मूळ टिफ फाइल, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेलं चित्र, जपून ठेव, वाचकाला पीडीएफ दे. अक्षरांवर वाचनालयाचा वॉटरमार्क अजिबात नको. आधीच खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा तुटलेली असते. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर, ‘घ’चा ‘ध’ करतं, ‘म’चा ‘भ’. मग ‘घर’ शोधणाऱ्याला ‘धर’ झालेलं पान सापडतच नाही. म्हणून हक्कमुक्त पुस्तकं मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर घेऊन जा. तिथे छापील पान आणि युनिकोड मजकूर शेजारी शेजारी दिसतात, एकाने तपासलेलं पान दुसरा पुन्हा तपासतो. पहिलं पुस्तक शंभर पानांच्या आतलंच निवड.