वाचक विचारतात : घानाचे झेंडे

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी घानाचा 90 × 60 सेंमीचा झेंडा शिवला. तारा मोजून मधोमध लावला, तरी त्याचं टोक लाल पट्ट्यात शिरलं. असं का?

उत्तर : पाच टोकांचा तारा ज्या वर्तुळात काढतात, त्याचा मध्य ताऱ्याच्या उंचीच्या मध्यावर येत नाही, थोडा खाली येतो. तुमच्या मापात लाल, पिवळा, हिरवा हे पट्टे प्रत्येकी 20 सेंमीचे. काळ्या ताऱ्याचं वरचं टोक लाल पट्ट्याला आणि खालची दोन हिरव्याला टेकायला हवीत. म्हणून त्रिज्या 11 सेंमी धरा आणि कंपास पिवळ्याच्या वरच्या कडेपासून 11 सेंमी खाली टेकवा, म्हणजे मध्यरेषेच्या 1 सेंमी खाली. पहिली खूण सरळ वर, बाकीच्या 72 अंशांवर. कापताना प्रत्येक जोडाला दोन्ही पट्ट्यांवर 1 सेंमी जादा ठेवा, नाहीतर शिवणीत पिवळा 18 वर येतो आणि तारा बसत नाही.

प्रश्न : जुन्या नकाशात मधला पट्टा पांढरा आहे. छपाईची चूक?

उत्तर : नाही, नकाशा 1964 ते 1966 मधला असणार. त्या काळात घानाचे तेव्हाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचा पक्ष एकमेव कायदेशीर पक्ष होता. पक्षाचे लाल-पांढरा-हिरवा हे रंग राष्ट्रध्वजावर आले. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि थिओडोसिया ओको यांनी 1957 च्या स्वातंत्र्यासाठी रेखाटलेला पिवळा परतला. तो परतला हे योग्यच झालं. एका पक्षाचा रंग देशाच्या झेंड्यावर शोभत नाही.

प्रश्न : कोपऱ्यात युनियन जॅक आणि मध्ये मगर-मासे, असा कापडी झेंडा विकाऊ दिसला. तो कशाचा?

उत्तर : किनाऱ्यावरच्या फांटे लोकांच्या 'आसाफो' पथकांचा. ही मुळात गावाच्या रक्षणासाठी उभी राहिलेली पथकं. रंगीत सुती तुकडे कापून, कापडावर शिवून चित्रं केलेली असतात आणि चित्रात बहुधा म्हण दडलेली असते. मगर आणि मासे म्हणजे 'मासे पोसतात ते मगरीसाठीच', प्रतिस्पर्धी पथकाला दिलेला सरळ इशारा! 1957 नंतरच्या झेंड्यांच्या कोपऱ्यात घानाचे तीन रंग येतात. मात्र एवढ्यावरून वय ठरवू नका. बाजारासाठी नवे झेंडेही युनियन जॅक लावून, मळवून विकले जातात. शिवलेल्या तुकड्याची कड हलकेच उचलून पाहा. खालचं कापड उजळ असेल, तर रंग उन्हाने उडालेला असण्याची शक्यता जास्त. आत-बाहेर एकसारखा पिवळटपणा दिसला, तर पैसे मोजू नका.