सी लाल, डी मोकळा आणि मध्ये रिकव्हरी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ४७६ जीबीच्या एसएसडीवर दुकानदाराने सी १२० जीबीचाच करून दिला, तो भरून लाल झालाय. डी डिलीट करून ती जागा सीला द्यायची आहे. पण दोघांच्या मध्ये साधारण ६०० एमबीचं 'रिकव्हरी पार्टिशन' (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा तुकडा) बसलंय आणि त्यावर राइट-क्लिक केलं तर 'हेल्प'शिवाय काही येत नाही. ते उडवलं तर चालेल का?

चालेल, पण थेट नाही.

तुम्ही गोव्यातल्या पेडण्याचे, तेव्हा जमिनीच्या भाषेत सांगतो. सीची हद्द वाढवायची तर मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे लागते. तुम्ही डी उडवलात तरी मध्ये ती ६०० एमबीची पट्टी राहणार, म्हणून 'एक्सटेंड व्हॉल्यूम' फिकटच दिसणार. पलीकडचं भाट (माडांची बाग) विकत घेतलं, पण मधली वाट तिसऱ्याची, तसलाच प्रकार. आणि पार्टिशन डिलीट करणं म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावरून नाव खोडणं. (महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी: आमचा सातबारा.) नाव गेलं तरी माड जागेवरच उभे असतात. म्हणून ३५० जीबीचं पार्टिशनही दोन सेकंदांत उडतं, आणि म्हणूनच चूक लगेच लक्षात आली तर बऱ्याचदा सगळं परत मिळतं. मात्र त्या जागेवर नवीन काही लिहिलं की गेलं. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर ट्रिममुळे (मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते, त्यामुळे) आशा फारच कमी.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. डिचोलीला मावसभावाकडे विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवत होतो. डिस्कपार्ट (डिस्कची विभागणी करायचा विंडोजमधलाच प्रोग्राम, त्यात कमांड टाइप कराव्या लागतात) उघडलं, पेन ड्राइव्ह १ नंबरला असणार असं गृहीत धरलं आणि यादी न बघता 'क्लीन' मारलं, म्हणजे त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स उडवली. १ नंबरला होती त्याची एक टीबीची एक्सटर्नल, तिच्यात जत्रेतल्या नाटकांची बारा वर्षांची रेकॉर्डिंग्ज. 'क्लीन' काही विचारत नाही, 'नक्की का?' एवढंही नाही. नशीब की मी हात तिथेच थांबवला. 'टेस्टडिस्क' नावाचा फुकट प्रोग्राम चालवला, त्याने जुनं पार्टिशन शोधून पुन्हा नोंदवलं आणि सगळं परत आलं. भाऊ चहा करायला आत गेला होता, त्याला आजतागायत माहीत नाही. तेव्हापासून मी नंबर बघत नाही, आकार बघतो: ९३१ जीबी म्हणजे एक्सटर्नल, १४ जीबी म्हणजे पेन ड्राइव्ह.

आता तुमचं काम. डीमधलं सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' हे फोल्डर कुणी डीवर हलवून ठेवलेत का, तेही बघा. दुकानदार तसं करून देतात आणि सांगत नाहीत. मग सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (दोन्ही म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का पाहा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि रीएजंटसी टाइप करा (आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी), स्पेस, /इन्फो. ही नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची. रिकव्हरी कुठल्या पार्टिशनवर आहे ते त्यात दिसेल. मग त्याच कमांडला /डिसेबल लावून चालवा. त्यामुळे दुरुस्तीची फाइल सीवर परत येते. ही पायरी गाळून पार्टिशन उडवलं, तर उद्या विंडोज सुरू झालं नाही की दुरुस्तीचा निळा पडदाही येणार नाही.

आता डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, लिस्ट पार्टिशन. यादीत १६ एमबीचं 'रिझर्व्ह्ड' दिसेल, जे डिस्क मॅनेजमेंटमध्ये (तुम्ही राइट-क्लिक केलंत त्या खिडकीत) दिसत नाही. घाबरू नका आणि हातही लावू नका. १०० एमबीच्या आसपासचं 'सिस्टम' तर नाहीच नाही, मशीन त्याच्यावरूनच सुरू होतं. ६०० एमबीचं 'रिकव्हरी' आकारावरून ओळखून सिलेक्ट करा आणि 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' द्या. यादीत १०-२० जीबीचं आणखी एखादं रिकव्हरी असेल, तर ते बहुधा कंपनीचं असतं. ते गेलं की लॅपटॉप फॅक्टरीतल्या स्थितीत नेण्याची सोय गेली, म्हणून ते राहू द्या.

मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी डिलीट करा. काळी पट्टी सीला चिकटलेली दिसेल आणि 'एक्सटेंड' उजळेल. सगळीच जागा सीला देऊ नका. सी २५० जीबीचा करा, उरलेल्याचा नवा डी करा, म्हणजे फोटो वेगळे राहतील. शेवटी रीएजंटसी /इनेबल. वेगळं पार्टिशन नसलं तर ती फाइल सीवरच बसते, पण सीवर बिटलॉकर असेल तर नकार मिळतो. तसं झालं तर डिस्कच्या शेवटी एक जीबी राखून नवं रिकव्हरी करावं लागेल. ती कृती विचारलीत तर वेगळी लिहीन. हा तुकडा लहान असून चालत नाही. २०२४च्या जानेवारीत विंडोज १०चा एक सुरक्षा अपडेट नेमका इथल्या अपुऱ्या जागेमुळे खूप जणांकडे अडकला होता आणि मायक्रोसॉफ्टनेच हे पार्टिशन २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं.

कुणी सुचवेल, की पार्टिशन सरकवणारा प्रोग्राम घ्या, काही डिलीट करायला नको. सरकवणं म्हणजे आतला डेटा उचलून दुसरीकडे ठेवणं, आणि तुमच्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते तुम्हीच सांगा. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर ठीक. मी मात्र करत नाही.

डिलीट करण्याआधी 'लिस्ट पार्टिशन'च्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून इथे टाका आणि तुम्ही कुठली ओळ उडवणार आहात ते लिहा. मी रात्री नऊनंतर असतो.